कप्तान, नोकर आणि लो वाय-तोंग

फोटो एकदाचा धड निघाला, तर यूक-लानला त्यातून मुलगा परत मिळणार होता. हिशेब तिने घरून निघतानाच पक्का केला होता. साठी उलटलेल्या माणसाने जिवंतपणीच आपला मोठा फोटो काढून ठेवावा, अशी त्यांच्याकडची रीत. त्याने आयुष्य वाढते, आणि पुढे उदबत्ती कोणापुढे लावायची यावरून घरात वाद होत नाहीत. या फोटोचे पैसे मुलगा देतो. आणि ज्याचे पैसे दिले ते तो भिंतीवर टांगल्याशिवाय राहत नाही. मुलगा दातांचा डॉक्टर असला तरी राहत नाही. बाप एकदा मुलाच्या फ्रेस्नोच्या घरातल्या भिंतीवर चढला, की आईला तिथे जाऊन चार दिवस राहायला निमित्त शोधावे लागणार नव्हते. सगळे ओळीने जमत होते. फोटो तेवढा धड निघायला हवा होता.

"डोळे," कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडाखालून क्वॉकचा आवाज आला. "दादा, डोळे उघडा."

"उघडेच आहेत," वाय-तोंग म्हणाला.

"मग माझ्याकडे असं बघू नका. मी तुमचा पूल उडवलेला नाही."

यूक-लान बाजूच्या स्टुलावर मांडीवर पर्स धरून बसली होती. तिने नवऱ्याकडे पाहिले. डोळ्यांच्या फटी झालेल्या, ओठांचा एक कोपरा खाली ओढलेला, हनुवटी पुढे.

"कप्तान आलाय," ती म्हणाली. "अहो, त्याला घरी पाठवा. लढाई संपून वीस वर्षं होऊन गेली."

"मी काही करत नाहीये गं."

"तेच म्हणते मी. तुम्ही काही न करता तो येतो."

क्वॉक कापडाखालून बाहेर आला. त्याच्या टकलाभोवतीचे उरलेसुरले केस उभे राहिले होते. हिल स्ट्रीटवर बेकरीच्या वरच्या मजल्यावर त्याचा स्टुडिओ होता, आणि लॉस एंजेलिसच्या चायनाटाउनमध्ये जन्मलेले, लग्न झालेले आणि गेलेले बहुतेक लोक त्याच्या त्या जिन्यावरून वर आलेले होते. महिन्याच्या बाळांना हसवण्यात आणि म्हाताऱ्यांना गंभीर करण्यात त्याचा हात धरणारे कोणी नव्हते. पण हे गिऱ्हाईक वेगळे होते.

"जरा हसा बघू," तो म्हणाला. "अगदी थोडं. नातीला बघून हसता तसं."

वाय-तोंग हसला. मान आपोआप खाली गेली, खांदे आत आले, वरचे दात सगळेच्या सगळे बाहेर आले. दोन्ही हात पोटाशी एकमेकांत गुंतले.

"आता नोकर," यूक-लान म्हणाली. "साहेबांची टोपी घ्यायला आलाय. द्या त्याला टोपी."

"वहिनी, तुम्ही बोलू नका. तुम्ही बोलता म्हणून ते हसतात."

"हे ते हसत नाहीत. हे ते काम करतायत."

तिसऱ्या वेळी क्वॉकने त्याला सांगितले, काहीच करू नका, नुसते बसा, दमलात म्हणून बसलायत असे समजा. वाय-तोंगने डोळे अर्धे मिटले, हनुवटी वर उचलली, आणि त्याचा उजवा हात सावकाश छातीशी आला. तिथे नसलेल्या पांढऱ्या दाढीवरून तो एकदा खाली फिरला. हे साधुपुरुष. गोऱ्या पोरांना डोंगरावर बसून ज्ञान सांगणारे. गेल्या सात-आठ वर्षांत टीव्हीवर यांचीच चलती होती.

क्वॉकने फिल्मची चौकट काढून टेबलावर आपटली. "दादा, तुमच्या घरात किती माणसं राहतात हो?"

वाय-तोंग खरोखरच ओशाळला. तो मुद्दाम काही करत नव्हता, हे यूक-लानला माहीत होते. कॅमेऱ्याची काच समोर आली की त्याच्या आत कुठेतरी घंटा वाजे आणि जो कोणी दाराजवळ असेल तो बाहेर येई. फक्त ज्याच्यासाठी आज ते इथे आले होते तो येत नव्हता.

*

लो वाय-तोंग मुळात लिफ्ट चालवायचा. शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात, सोनेरी बटणांचा कोट घालून, दिवसभर लोकांना वर नेणे आणि खाली आणणे. तोंडाने बोलायचे ते चार शब्द, पण कानावर सगळे पडे, आणि त्यावरच तो इतके स्वच्छ इंग्रजी शिकला की पाठमोरा बोलला तर लोक गोरा माणूस शोधत. यूक-लानचा बाप भाजी विकायचा. तिने याला पहिल्यांदा पाहिले ते कोबीच्या भावावरून बापाशी हुज्जत घालताना. हुज्जत तो हरला, पण ज्या ऐटीत हरला त्यावर तिचे मन बसले.

मग एके दिवशी चायनाटाउनमधून सिनेमाला माणसे पुरवणारा कंत्राटदार बस घेऊन आला. जेवण मिळेल, मजुरी मिळेल, दुसरे काही करायचे नाही, चिनी दिसायचे. वाय-तोंगला वाटले, हे तर फुकटच जमण्यासारखे आहे.

ते जमले नाही. पहिल्याच दिवशी दिग्दर्शकाने त्याला थांबवले आणि म्हणाला, "तू ठीक आहेस, पण तुझ्यात चिनी कमी पडतंय." मग एक गोरे गृहस्थ आले. त्यांना या विषयातले सगळे कळत होते म्हणे. त्यांनी वाय-तोंगला कमरेत कसे वाकायचे, हात बाहीत कसे घालायचे आणि चालताना पावले लहान कशी टाकायची ते शिकवले. घरी येऊन त्याने ते यूक-लानला करून दाखवले तेव्हा ती हसून हसून चुलीजवळ खाली बसली.

"आमच्या गावात असं कोण चालतं माहितीय?" तो म्हणाला होता. "पायात काटा गेलेला."

तेव्हा सगळीच गंमत होती. धड इंग्रजी मोडायला तो शिकला. शब्द कुठे गाळायचा, कुठे चावायचा, याचा त्याने खरा अभ्यास केला. मेणाचे पुढे आलेले दात खिशात रुमालात बांधून न्यायचा. एका डबाबंद चॉप सुईच्या जाहिरातीत तो दात काढून असा हसला, की तो फलक शहरभर चौकाचौकांत वर्षानुवर्षे उभा राहिला. त्या फलकाखाली उभे राहून ओळखीचे लोक विचारत, "काय वहिनी, आज डबाच का?"

आणि मग लढाई आली. पडद्यावर जपानी हवे होते, आणि खऱ्या जपान्यांना सरकारने घरादारातून उचलून छावण्यांत कोंडले होते. मग चायनाटाउनने जपानी फौज पुरवली. त्या दिवसांची आठवण निघाली की यूक-लानच्या डोळ्यांपुढे ती बस येई. संध्याकाळी बस बेकरीसमोर थांबायची आणि त्यातून बादशहाची सगळी सेना उतरायची, दमलेली, भुकेलेली, कुणाच्या डोळ्यांभोवती काजळ तसेच राहिलेले. किराणावाला फोंग हा मेजर, धोबी सेटो हा सुभेदार, तिचा नवरा कप्तान. घरी जाईपर्यंत ट्राममध्ये कोणी मारू नये म्हणून सगळ्यांच्या कोटावर बिल्ला असे: मी चिनी आहे. जपानी कप्तान दिवसभर अमेरिकन वैमानिकांना खुर्चीला बांधून प्रश्न विचारी आणि संध्याकाळी बिल्ला लावून घरी येऊन तांदळाची पेज पिई. सेटोच्या घरी जमून ही मंडळी पत्ते खेळत, भाजलेले डुक्कर खात, आणि जपानी सैन्याच्या तक्रारी सांगत. मेजरला कप्तानापेक्षा संवाद कमी का, यावरून फोंग दोन महिने वाय-तोंगशी बोलला नव्हता.

त्या फौजेतले बहुतेक आता गेले होते. क्वॉकनेच त्यांचे फोटो काढले होते. मेजर फोंग आपल्या मुलाच्या घरी भिंतीवर स्वस्थ बसले होते, काळ्या कोटात, किराणावाल्याच्या साध्या चेहऱ्याने.

खोटे बोलण्यात अर्थ नाही. कप्तानाने घर दिले. नोकराने मुलाला दातांच्या कॉलेजात घातले. साधुपुरुषाने म्हातारपणाची सोय केली. यूक-लान यांपैकी कोणाबद्दल वाईट बोलली तरी घरातल्या घरात बोले. पण मुलाचा हिशेब वेगळा होता, आणि तो कुठून सुरू झाला हे तिला नेमके ठाऊक होते. ती तिथेच दारात उभी होती.

वेस्ली तेव्हा दहा वर्षांचा. शनिवारी दुपारी त्याच्या वर्गातल्या सगळ्यांनी कप्तानाचा सिनेमा पाहिला. सोमवारी मधल्या सुट्टीत मुलांनी त्याला झेंड्याच्या खांबाला दोरीने बांधले आणि कप्तान विचारतो ते प्रश्न विचारले. वेस्लीने एकाच्या हाताला कडकडून चावा घेतला, म्हणून मुख्याध्यापकांनी आईबापांना बोलावले.

मुख्याध्यापकांच्या खोलीत मुलगा बाकावर बसला होता. मनगटांवर दोरीचे वळ होते. पण चेहऱ्यावर भीती नव्हती. तो दाराकडे डोळे लावून बसला होता. यूक-लानला पुढे किती तरी वर्षांनी कळले की तो कप्तानाची वाट पाहत होता. आज कप्तान येणार, या माणसासमोर उभा राहणार, आणि एकच वाक्य असे बोलणार की सगळ्या शाळेची बोबडी वळणार.

वाय-तोंग आत आला. टेबलामागे सूट घातलेला उंच गोरा माणूस होता, वर दिवा होता. बहुधा दिव्यानेच घात केला. मान खाली गेली, खांदे आत आले, दात बाहेर आले.

"सॉरी सॉरी साहेब. पोरगा लई वाईट. मी घरी नेतो, मारतो. साहेब लई चांगला."

ज्याचे इंग्रजी ऐकून लोक मागे वळून बघत, तो हे बोलला. मुख्याध्यापक हसले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. वेस्लीने खाली पाहिले.

घरी येताना ट्राममध्ये मुलाने एकदाच विचारले, "तुम्हाला नीट बोलता येतं की. मग असं का बोललात?" बाप खिडकीबाहेर बघत राहिला. थोड्या वेळाने वेस्ली आईबापांमधून उठला आणि पुढच्या बाकावर जाऊन बसला. तो अजून तिथेच बसलेला आहे, असे यूक-लानला वाटे. मधे कॉलेज झाले, लग्न झाले, फ्रेस्नोला दवाखाना झाला, मुलगी झाली. सणावारी पैसे येत, फळांच्या पेट्या येत. पण तोंड पुढे, पाठ इकडे.

गेल्या महिन्यात तिने फोनवर धीर करून विषय काढला होता. "बाबांचा मोठा फोटो काढून घेतेय. तुझ्या घरी लावशील ना?"

वेस्ली म्हणाला, "बाबांचा असेल तर लावीन, आई. त्या बाकीच्यांपैकी कोणाचा नाही."

*

"कप्तानाचाच द्या," वाय-तोंग म्हणाला. तो कोटाची वरची गुंडी काढून कपाळ पुसत होता. "त्याला निदान लोक ओळखतात. तुम्ही ज्याला शोधताय त्याला कोण ओळखतं? लिफ्टवाला होता एक. मेला कधीच."

"अशुभ बोलू नका," यूक-लान म्हणाली. "आणि मी काही जपानी सैन्याला रोज सकाळी उदबत्ती ओवाळणार नाही. सांगून ठेवते."

"मग नोकराला ओवाळ. तो गरीब आहे."

"वेस्लीने काय सांगितलंय ते विसरलात?"

क्वॉकने दोघांना चहा ओतून दिला आणि स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला. महिन्याच्या बाळांना हसवायचा खुळखुळा त्याने मघाशी करून पाहिला होता. वाय-तोंगच्या गावच्या गोष्टी काढून पाहिल्या होत्या. एकदा तर त्याने न सांगता फोटो काढायचा प्रयत्न केला, पण वाय-तोंगला बटण दाबण्याआधीची शांतता पाठीमागूनसुद्धा कळे.

"दादा," क्वॉक म्हणाला, "एवढ्या कामांत असं एखादं काम होतं का हो, ज्यात तोंडावर सोंग आणावं लागत नव्हतं?"

वाय-तोंगने कप खाली ठेवला. "होतं की. मेल्यावर."

"म्हणजे?"

"मेलेल्याला कोण काय सांगणार? 'पड आणि हलू नको,' एवढंच. जिवंतपणी चिनी कमी पडत होतो. मेल्यावर कधीच कमी पडलो नाही."

क्वॉक हसला, आणि मग त्याचे हसणे अर्ध्यात थांबले. त्याने कोपऱ्यातल्या लांब मखमली कोचाकडे पाहिले, ज्यावर तो नववधूंना बसवत असे.

"नाही," यूक-लान म्हणाली. तिला त्याच्या आधी कळले होते. "अजिबात नाही. आयुष्य वाढवायचा फोटो, आणि त्यासाठी मरायचं? डोकं फिरलंय का तुमचं?"

"वहिनी, नुसतं पडायचं. चेहरा सैल पडू दे. मग उठतील, बसतील, तेवढ्यात मी काढतो."

"पाकीट कोण देणार?"

हा प्रश्न क्वॉकला समजावून सांगावा लागला नाही. नाटकात-सिनेमात जो मरतो, त्याला कंपनीच्या मालकाने लाल कागदाच्या पाकिटात नाणे आणि गोड काहीतरी घालून द्यायचे, म्हणजे खोटे मरण त्याच्या अंगाला चिकटत नाही, ही चीनमधली जुनी रीत. हॉलिवूडच्या मालकांना ती कुठली माहीत असायला. मग ते काम यूक-लानने आपल्याकडे घेतले होते. संध्याकाळी बस आली की ती दार अर्धेच उघडी आणि विचारी, "मेलात का आज?"

"मेलो."

"कशाने?"

"बुरुजावरून पडून." किंवा "बायकोनेच विष घातलं." किंवा, फार कंटाळलेला असला तर, "नेहमीसारखाच. गोळी."

मग ती दाराच्या फटीतून लाल पाकीट बाहेर देई, तो त्यातली गोड गोळी तोंडात टाकी, आणि तेव्हा कुठे त्याला उंबरा ओलांडता येई. शेजारचे लोक हे ऐकत आणि हसत. वेस्लीही लहान असताना दारामागे उभा राहून आईच्या आधी ओरडे, "मेलात का बाबा?" खांबाच्या प्रसंगानंतर त्याने ते विचारणे सोडले.

"पाकीट मी देतो," क्वॉक म्हणाला. "नव्या वर्षाची उरलीयत खणात."

यूक-लानने नवऱ्याकडे पाहिले. तो कोचाकडे बघत होता, आणि सबंध दुपारभरात पहिल्यांदाच त्याला जरा हुशारी आल्यासारखी दिसत होती. "एकदा पडतो गं," तो म्हणाला. "एवढ्यांदा मेलो, काही झालं का?"

त्याने कोट सारखा केला, कोचावर बसला, पाय वर घेतले आणि आडवा झाला. क्वॉकने कॅमेरा सरकवला, दिवा वळवला. वाय-तोंगने एकदा खोल श्वास घेतला, सोडला, आणि मेला.

त्याचे मरण यूक-लानने पडद्यावर पाहिले होते, पण तिथे धूर असे, घोडे असत, बाजा असे. इथे खाली बेकरीत कोणीतरी ट्रे सरकवत होते, एवढाच आवाज. त्याच्या चेहऱ्यावरून पहिल्यांदा कप्तान उतरला. भुवया सैल झाल्या. मग नोकर गेला. ओठ मिटले, आणि ते किती पातळ होते हे तिला इतक्या वर्षांत दिसलेच नव्हते. पापण्यांवरचा साधुपुरुषही गेला. राहिला तो एक दमलेला, गाल बसलेला, बाकदार नाकाचा माणूस, कोबीच्या भावावरून हरलेला. छाती हलत नव्हती. हे त्याचे कसब होते, तिला माहीत होते. कॅमेरा चालू असेपर्यंत श्वास दिसू न देण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, हे फोंगसुद्धा कबूल करी.

तरी ती थांबली. वाट पाहिली. छाती हलली नाही.

"बास," ती म्हणाली. "उठा आता."

तो उठला नाही. त्याला 'उठा' म्हणणारा माणूस नेहमी दिग्दर्शक असे.

"अहो, पुरे! वेस्लीचे बाबा!"

काहीच नाही. तिच्या हातातली पर्स खाली पडली. लग्न झाल्यापासून नवऱ्याला तिने नावाने हाक मारलेली नव्हती. तिच्या आईने मारली नव्हती, आजीने मारली नव्हती. ते नाव तिच्या तोंडून असे फुटले, की खाली बेकरीतला ट्रेचा आवाज थांबला.

"वाय-तोंग!"

त्याने डोळे उघडले आणि धडपडून कोपरावर उठून बसला. केस एका बाजूला चपटे झाले होते, कॉलर वर आली होती. काच कुठे आहे, दिवा कुठे आहे, हे त्याच्या ध्यानातही नव्हते. तो फक्त तिच्याकडे बघत होता: काय झाले, मी आहे की.

तेवढ्यात क्वॉकने बटण दाबले.

*

पुढच्या रविवारी वेस्ली फ्रेस्नोहून आला, एकटाच. आईने फोनवर एवढेच सांगितले होते, की फोटो तयार आहे आणि दुकानातूनच न्यायचा आहे. पैशाचे तिने काढले नव्हते. ते आपोआप होण्यातच गोडी होती.

तो जिना चढून वर आला तेव्हा वाय-तोंग खुर्चीवरून उठून उभा राहिला. चांगल्या सुटातला सडपातळ उंच मुलगा समोर होता, वरून क्वॉकचा दिवा होता. यूक-लानला मान खाली जाताना दिसली आणि तिने डोळे मिटून घेतले.

"आलास? गाडी बरी चालली? दमला असशील," वाय-तोंग म्हणाला. सगळे दात बाहेर होते. हात पोटाशी एकमेकांत गुंतले होते.

"बरी चालली, बाबा," वेस्ली म्हणाला, आणि दुसरीकडे बघितले.

क्वॉकने फोटोवरचा कागद काढला. मोठी काळी चौकट होती. वेस्ली जवळ गेला. दवाखान्यात क्ष-किरणांची फिल्म दिव्यासमोर धरून बघायची त्याला सवय होती. तसाच तो बघत राहिला, एकेक भाग.

"समोर बघत नाहीयेत," क्वॉक घाईने म्हणाला. "रीतीप्रमाणे समोर बघायला पाहिजे, मला माहितीय. आणि केस. केस मी ब्रशने बसवून देतो, पाच मिनिटांचं काम."

"नको," वेस्ली म्हणाला. "कोणाकडे बघतायत?"

"माझ्याकडे," यूक-लान म्हणाली.

वेस्लीने आईकडे पाहिले, परत फोटोकडे पाहिले. "काय झालं होतं?"

"काही नाही. मी हाक मारली होती."

वेस्लीने कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. पैशांचे पाकीट बाहेर आले. यूक-लानचा हिशेब जुळत होता.

"क्वॉक काका, किती झाले?"

"तुझ्याकडून मी घेऊ?" क्वॉक म्हणाला. "तू महिन्याचा होतास तेव्हाचा फोटो मी काढलाय. जा, जा."

"असं कसं? घ्या तुम्ही."

"ठेव ते आत. मला लाज आणतोस का?"

"काका, बापाच्या फोटोचे पैसे मुलानेच द्यायचे असतात. मला माहितीय ते."

आता दोन्ही बाजूंनी थोडी ओढाताण व्हायची, नोटा दोनदा टेबलावरून इकडून तिकडे जायच्या, आणि तिसऱ्या वेळी क्वॉकने हरायचे. रीतच तशी होती, आणि यूक-लान निवांतपणे ती पुरी होण्याची वाट बघत होती. नोटा एकदा गेल्या, एकदा परत आल्या. मग मधे तिसरा हात आला.

वाय-तोंगने मुलाचे मनगट धरले होते. जोर काही नव्हता, पण सोडतही नव्हता.

"ठेव," तो म्हणाला.

"बाबा, हे माझं काम आहे."

"असेल. पण मी देणार."

"अहो, देऊ द्या की त्याला," यूक-लान घाबरून म्हणाली. "मुलाचा मान असतो तो."

वाय-तोंगने तिच्याकडे पाहिलेही नाही. तो मुलाकडे बघत होता, आणि इंग्रजीत बोलला. शब्द न गाळता, न चावता, लिफ्टमध्ये शिकलेल्या त्या स्वच्छ इंग्रजीत, जे वेस्लीने ट्रामच्या त्या दिवसानंतर बापाच्या तोंडून ऐकले नव्हते.

"इतकी वर्षं माझ्या तोंडाचे पैसे लोकांनी दिले. काय काय करून दिलं मी त्यांना त्या पैशांत, ते तू पाहिलंयस. तुझ्यासमोरही केलं. हे एक तोंड मला कोणी विकत घेतलेलं नकोय. तूसुद्धा नाही."

क्वॉकने दिव्याकडे जाऊन उगाच तारेशी चाळा सुरू केला.

वेस्ली बापाच्या तोंडाकडे बघत होता. मान वर होती. दात मिटलेले होते. भुवया जागच्या जागी होत्या. एवढ्या जवळून त्याने हा चेहरा पाहिला होता तो चौकटीत, आताच, काही मिनिटांपूर्वी. त्याने पाकीट मिटले आणि खिशात ठेवले.

"बरं," तो म्हणाला. "द्या तुम्ही."

वाय-तोंगने पैसे मोजून टेबलावर ठेवले. क्वॉकने या वेळी ओढाताण केली नाही. वेस्लीने चौकट कागदात गुंडाळली, दोरी बांधली, गाठ ओढून पाहिली, आणि ती छातीशी धरून जिना उतरू लागला. मागून बाप उतरत होता, कठड्याला धरून. खालच्या वळणावर वेस्ली थांबला आणि त्याला पुढे येऊ दिले.

यूक-लान वरच उभी राहिली. पैसे मुलाने द्यायचे, म्हणजे फोटो भिंतीवर चढतो, असा तिचा बेत होता. मुलगा एक पैसाही न देता फोटो घेऊन गाडीकडे चालला होता, आणि कुठे टांगणार हे तिने विचारले नव्हते. या चेहऱ्याने जन्मात काही कमावले नव्हते. घर कप्तानाचे, कॉलेज नोकराचे. या एकाच गोष्टीचे पैसे लो वाय-तोंगने स्वतः दिले होते.